मालक शेजारी उभा असताना

तुमच्या मुलीला तिच्या मालकासमोरच कोणी विचारलं, "काही त्रास तर नाही ना?" तर ती काय सांगेल?

आमच्या वस्तीतली संघमित्रा बीएस्सी करते. सरकारी विज्ञान शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे तिला पाटनच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम शिकायला पाठवलं. शिकवलं काय, तर फोन उचलणं अन् चहा देणं. शिष्यवृत्तीच्या कामाचं मूल्यांकन करणारे साहेब आले, त्या दिवशी मालकानं तिला पांढरा कोट घालून यंत्रापुढे बसवलं. यंत्राला तिचा हात तेव्हा पहिल्यांदा लागला. साहेबांनी विचारलं. मालक शेजारीच उभा. ती म्हणाली, "सब ठीक है सर."

मी तिला न्यायला गेले होते, दाराशी उभं राहून सगळं ऐकलं. ती बाहेर आली तशी मी भडकले. "काहून खोटं बोललीस?"

"ताई, ही जागा गेली की शिष्यवृत्ती थांबते. मग फी तुम्ही भरणार का?"

मी साहेबांना गाडीपाशी गाठलं, सगळं सांगितलं. ते हसले. "दीदी, लड़की खुश है, आप क्यों गरम हो रही हैं?"

त्यांच्या अहवालात आता 'समाधानकारक' लिहिलं जाईल, अन् पुढच्या वर्षी तिथं दुसरी मुलगी चहा देत राहील.

तुमच्यावर कधी असं मूल्यांकन करायची वेळ आली, तर मुलीला तिच्या कॉलेजात बोलवा अन् तिथं विचारा.