मिस्त्रीनं माझी बाज मोजली

सन दोन हजार बावीस. मला बहात्तरावं चालू होतं. तूर निघाली होती, कापसाची शेवटची वेचणी आटोपली होती, आणि घरात माझ्या पाठीमागं काहीतरी शिजत होतं.

माझी जागा पुढच्या ओसरीत. बाज टाकलेली, खाली पाण्याचा गडवा. दिग्रसची एसटी फाट्यावर थांबली की कोण उतरलं ते मला तिथून दिसते. घरी येणारा आधी माझ्यापाशी थांबतो, मगच आत जातो. मजूर किती लावायचे, बैल विकायचा की ठेवायचा, सारं त्या बाजेवर ठरते. चौथी शिकलेल्या माणसाची कचेरीच समजा. मागचं परस मात्र बायकांचं, म्हणजे माझ्या म्हातारीचं आणि सुनेचं. भांडी, धुणं, गोवऱ्या. पुरुष तिकडं जातो तो न्हाणीपुरता.

एका रात्री जेवताना पोरगा म्हणाला, "बाबा, मांगं निंबाखाली लाकडाचा ओटा करून राह्यलो. सागवानी फळ्यायचा."

"कायले?"

"बसायले."

"कोनाले बसायले?"

त्यानं सुनेकडं पाहिलं, सुनेनं ताटाकडं. "सगळ्यायले," तो म्हणाला.

"त्याले डेक म्हंतेत, मामाजी," सून बोलली.

"आमच्या टायमाले डेक कॅसेटीचा राहे."

कोणी हसलं नाही. एरवी माझ्या बोलण्यावर हसतात. तिथंच मला शंका आली.

म्हाताऱ्याला मागं कसं सारतात ते मी पाहिलेलं आहे. आमच्याच गल्लीतल्या एकाची बाज 'मांगं हवा लागते' म्हणून मागच्या दारी गेली. मग पाहुणे त्याला भेटायचं विसरू लागले. मग वावरात काय पेरलं ते त्याला उगवल्यावर कळे. कोणी त्याला वाकडं बोललं नाही. दोन्ही टायमाला गरम भाकर मिळे. पण त्याला विचारणारं कोणी उरलं नाही. माझं तसं मी होऊ देणार नव्हतो.

दिग्रसहून मिस्त्री आला. आरा मशीनवरून फळ्या उतरल्या. मी एकेक फळी उचलली, नखानं खरवडली, वास घेतला. साग होता. एक फळी हलकी वाटली.

"हे वापस धाड."

"बाबाजी, एकाच झाडाच्या हायेत साऱ्या."

"असू दे. मले पसंद नाही."

धाडली वापस. घरात अजून माझं चालते, एवढं त्याला कळलं पाहिजे होतं.

खांब गाडायच्या दिवशी मी बैलांना पाणी पाजून आलो. पाहतो तर मिस्त्री ओसरीत माझ्या बाजेपाशी वाकलेला. हातात टेप. जवळ सून उभी. मला पाहिलं तसा टेप सर्रकन डबीत गेला. उभं मोजलं की आडवं, ते काही मला दिसलं नाही.

आमच्यात जित्या माणसाचं अंथरूण कोणी मोजत नाही. माप घेतात ते तिरडीचे बांबू तोडताना.

"काय मोजून राह्यला रे?"

"काही नाही बाबाजी. असंच."

"असंच मोजाले मी वावराचा धुरा-बांध हाव काय?"

"मामाजी, चहा ठेवू?" सून म्हणाली. भर दुपारी चहा! आमच्या घरात त्या वेळेला जावयालाही चहा मिळत नाही.

त्या दिवसापासून मी बाज सोडली नाही. जेवण तिथंच मागवलं. वावरात गेलो नाही. पोराला सांगितलं, "माही बाज इथून हालली त मी अन्न सोडीन."

"कोन हालवून राह्यलं, बाबा?"

"थ्या मिस्त्रीले इचार."

ओटा झाला. बाया नदीवर गेल्या तेव्हा मी मागं जाऊन पाहून आलो. काम चांगलं होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. जमिनीपासून वीत लावत गेलो. बरोबर माझ्या बाजेएवढी उंची. वर दोन बाजा सहज मावतील. मला जे पाहायचं होतं ते दिसलं.

संध्याकाळी आमची म्हातारी देवापाशी दिवा लावून उठत होती. एक हात भिंतीला, दुसरा कोनाड्याला.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"काय?"

"मले मांगं टाकून राह्यले थे."

"तुमाले कोन टाकते? तुमी हालसान तवा ना! अवो, थो ओटा माहा हाये."

"तुहा?"

"भुईवर बसलं का उठता येत नाही मले. तुमच्या बाजेवरून बराबर उठता येते. तुमी वावरात गेले का पाहून ठेवलं म्या. म्हून मिस्त्रीले म्हटलं, तेवढीच उंची धर."

"मंग लपवलं काहून?"

"इचारलं असतं त हो म्हटलं असतं काय?"

मी दिव्याची वात पुढं सारली.

"बाया येतेत माह्याकडे," ती म्हणाली. "पुढं तुमी बसले राह्यता. कोनाची कोन, कुठून आली, कायले आली, साऱ्याईची झडती. आता मांगच्या फाटकानं येतीन."

म्हणजे माझ्या बाजेला कोणी हात लावणार नव्हतं. बाज राहणार होती जागेवर, आणि अर्धं गाव मागच्या फाटकानं ये-जा करणार होतं.

"अन् बोलसान काय तिथं बसून?"

"तुमचंच," म्हातारी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ट्रॅक्टरवाल्याकडून डबाभर जळकं ऑइल आणलं. वाळवी लागू नये म्हणून आधी खांबांना लावलं, मग वरच्या फळ्यांनाही. म्हातारीच्या बसण्यापुरता एक कोपरा तेवढा कोरडा ठेवला. फाटकातून बाया आल्या, ओला ओटा पाहून थबकल्या आणि उभ्याउभ्याच हळू आवाजात बोलू लागल्या. मी खाली बसून, कान तिकडं ठेवून, खांबांना ऑइलचा दुसरा हात द्यायला घेतला.