टिटवीच्या भरवशावर

पक्षी बघायची हौस आमच्या नानांची, म्हणजे वडिलांची. भोगलं मात्र मी. धार दरबारच्या नोकरीत त्यांची बदली नर्मदाकाठी झाली होती, आणि सुट्टी मिळाली की ते नर्मदेच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर जात. मी नऊ वर्षांची, शेपटासारखी मागे मागे.

त्या जेठात, पावसाच्या तोंडावर, बेटावर टिटवीनं पाण्यापासून जेमतेम चार हातांवर अंडी घातली होती. आमच्याकडे साऱ्यांचाच पक्का विश्वास, की टिटवीनं खाली अंडी घातली तर नदी इतक्यात चढत नाही. नाना एकदम खूश. आई तान्ह्या बाळाला घेऊन घाटावर थांबली होती. आम्हाला घेऊन आलेल्या नावाड्याला म्हणाले, "जाओ, घाट से बाईसाहब को और मुन्ने को ले आओ. आज यहीं जेवण करेंगे." नानांची हिंदी ही अशी! नावाड्यानं आभाळाकडे बोट केलं. "सरकार, ऊपर की तरफ काला पड़ रहा है."

"टिटहरी तुझसे ज्यादा जानती है," म्हणत नाना हसले. तो नाव घेऊन गेला.

घटकाभरानं पाणी गढूळ झालं. मग टिटवीची अंडी भिजली, मग दिसेनातच. ती बिचारी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पांढरे पक्षी थव्यानं उठले; त्यांचीही अंडी वाळूतच होती. मी नानांचा सदरा घट्ट धरला.

"नाना, आई नावेत बसली असेल का हो?"

त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून नावाड्याला हाका मारल्या. मला स्वतःच्या बुडण्याची भीती वाटत होतीच, कशाला खोटं बोलू? पण आई आणि सहा महिन्यांचं बाळ त्या लाल पाण्यात, हा विचार त्याहून भयंकर होता. नानांनी मला खांद्यावर घेतलं. ते नर्मदामाईला काकुळतीनं नवस बोलू लागले. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी कचेरी चिडीचूप व्हायची, ते नाना!

पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं तेव्हा नाव दिसली. नावेत नावाडी एकटाच. आई नव्हती. मी किंचाळले.

"माँजी घाट पे हैं," तो लांबूनच ओरडला. "मैंने बैठने ही नहीं दिया."

त्यानं नानांचा हुकूम मोडला, म्हणून मला आई उरली. नानांनाही ते कळलं. नावेत ते मान खाली घालून बसले. थोड्या वेळानं मला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केला, आणि मी, देवा रे, उठून नावाड्याच्या पायाशी जाऊन बसले.