दहापैकी दहा

बीडच्या स्टँडवर माय माझ्याआधी गाडीत चढली. आरक्षण केलंय म्हणून चार वेळा सांगितलं, तरी ती गर्दीतून आत घुसली, माझ्या सीटवर ठाण मांडून बसली आणि मी बॅग वर ठेवेपर्यंत उठली नाही. खाली उतरल्यावर मात्र तिला काय करावं ते सुचेना. आमच्या घरात निघून जायची सवय तिची होती. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ती आणि अण्णा ऊसतोडीला निघायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचे, आणि मी तेलगावला मावशीच्या दारात उभी राहून रडायची. त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत मी होते आणि खाली ती. "आता कळलं ना कसं वाटतं ते?" असं मी खिडकीतून हसत म्हणाले. ती पण हसली. ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

शिष्यवृत्ती मिळाली होती आणि मी लंडनला बिहेवियरल इकॉनॉमिक्स आणि पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करायला निघाले होते. हे नाव आमच्या गावात कुणाच्या तोंडात बसेना. म्हणून मी अण्णांना सोपं करून सांगितलं, की माणसाला स्वतःचं भलं कळत असूनही तो उलटं का वागतो, ते शिकायचं आणि सरकारनं त्यावर काय करावं ते सांगायचं. अण्णा म्हणाले, "मग त्याला यवढ्या लांब कशाला जायचं? दिंद्रुडच्या बाजारात बस की एक दिवस." गावभर त्यांनी हाच विनोद पुरवून पुरवून सांगितला, आणि शेवटी दर वेळी जोडायचे, "पण लई अवघड शिक्षण हाय."

लंडनला माझा विषय लगेच ठरला. तोडीवर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांचं काम एकच मोजतात. त्यातलं एक आजारी पडलं की कोयता बंद, आणि मुकादमाची बोलणी दोघांना. त्यामुळे बाया अंगावर दुखणं काढतात. त्या दवाखान्यात जायला उशीर का करतात, यावर मी प्रबंध लिहिणार होते. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत प्रश्नावली तपासून बघायची होती. पहिला फोन मी मायलाच लावला. ती साताऱ्याकडच्या एका उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत भाकरी थापत होती. फोन स्पीकरवर होता आणि अण्णा शेजारी बसले होते. मी एकदम सर्वेक्षणाच्या आवाजात सुरू केलं. एक म्हणजे फार वाईट, दहा म्हणजे उत्तम. आपली तब्येत कशी आहे?

"तुज्या परीक्षेचं हाय का हे?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग दहा लिही."

झोप? दहा. काम करायची ताकद? दहा. पोट, कंबर? "सगळ्याला दहाच लिही गं, वर्षे." मी लिहीत गेले. वर एक झकास परिच्छेदही लिहिला, की सततच्या कष्टात माणूस दुखण्याला सरावतो आणि त्याला आपली तब्येत चांगलीच वाटायला लागते. माझ्या मार्गदर्शक सरांनी समासात "उत्तम" असा शेरा दिला.

माय सरावली नव्हती. तिला गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि त्या वेळी तिला धड बसवतही नव्हतं. एप्रिलमध्ये फड संपला, मग बीडचा दवाखाना झाला. तोवर उशीर झाला होता. "माझ्या वर्षीचे पेपर होऊ द्या," असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. पेपर झाले, मग मला कळवलं. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

अण्णांनी मला ओसरीवर बसवून सांगितलं, "म्या तिला म्हणलो, खरं सांग की पोरीला. तर म्हणली, तिचा पेपर हाय, म्या कमी आकडे दिले अन् पोरगी नापास झाली म्हंजी?" माय कधी शाळेत गेली नव्हती. परीक्षेत आकडा मोठा असावा लागतो, एवढंच तिला माझ्यामुळे माहीत होतं. लेकीच्या परीक्षेत आपल्या हातात काही द्यायचं आलंय, तर तिनं होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं.

मी परत गेले आणि प्रबंध पुरा केला. सगळ्या प्रश्नांना एकच आकडा देणाऱ्यांची उत्तरं गाळायची, असा आमच्या शास्त्राचा नियम आहे. मी मायच्या उत्तरांची ओळ निवडली आणि काढून टाकली. प्रबंध चांगला झाला. पदवीदान समारंभाला मी गेले नाही.

तुमच्यापैकी जे गाव सोडून लांब गेलेत, त्यांना एक सांगायचं आहे. मायनं मला काहीच सांगितलं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होते. ते खरं नाही. नोव्हेंबरात एकदा तिचा फोन आला होता. "पोटात लई दुखतंय गं," ती म्हणाली होती. मी जिना चढत होते. "गोळी घे, माझं लेक्चर आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं मला कधीच काही दुखतंय म्हणून सांगितलं नाही. माणूस आपलं दुखणं का लपवतो, यावर मी साठ पानं लिहिली. त्यात हा फोन कुठेच नाही.

आता मी पुण्यात नोकरी करते. एकट्या माणसाचा कोयता होत नाही, म्हणून अण्णा तोडीला जात नाहीत. गावातच चार शेळ्या घेऊन असतात. त्यांना पुण्यात करमत नाही आणि मायशिवाय गावच्या घरात मला बसवत नाही. त्यामुळे घर म्हणजे आमचा रोज सकाळचा फोन. अण्णांनी आयुष्यात कधी कण्हून दाखवलं नव्हतं. आता सगळं सांगतात. गुडघा धरलाय, दाढ ठणकतेय, भात खाली लागला, धाकट्या शेळीला ताप आहे, काल उगाच रडू आलं. ऑफिसची मीटिंग सुरू असली तरी मी उठून बाहेर जाते आणि त्यांचं सगळं ऐकून घेते.

परवा मध्येच थांबून ते म्हणाले, "म्या आपला बोलतच बसलोय. तुला येळ हाय ना, बाई?"

"हाय, अण्णा," मी म्हणाले. "लई येळ हाय. सांगा तुमी."