काळी वाळू, उजळ दगड

शहराच्या कडेला आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, तेव्हा आमचं ऑफिस सदाशिव पेठेत दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. दोन संगणक, एक प्लॉटर आणि सर. सर कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी आणि माझी मैत्रीण त्यांच्याच विद्यार्थिनी. एका परदेशी कंपनीने वाळवंटाच्या रडार प्रतिमा पाठवल्या होत्या. त्यावरून लाव्हा कुठे, वाळू कुठे, हे नकाशावर दाखवायचं. पहिला नकाशा पसंत पडला तर पुढचं काम, नाहीतर सर ऑफिसला कुलूप लावणार होते.

सरांची हयात सह्याद्रीचा काळा पाषाण फोडण्यात गेलेली. प्रतिमेत काळं दिसतं तो दगड, पांढरी ती वाळू, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तसे रंग भरले, वाळूला पिवळा. सिंहगडावर आम्ही तरी दुसरं काय पाहिलं होतं?

कुरिअरवाला यायच्या दुपारी नकाशा प्लॉटरमधून बाहेर आला. ज्वालामुखीचं गोल तोंड, आणि त्यातून उतरलेला लांबलचक पिवळा ओघळ.

"सर, या ज्वालामुखीतून वाळू आलीये," मी म्हणाले.

"डबा खाल्लात का आपण?"

"खाल्ला. तरी वाळूच आहे."

सरांनी नकाशावर वाकून ओघळावरून बोट फिरवलं. "रडारला रंग दिसत नाही," ते वर्गात बोलायचे तसं म्हणाले. "खडबडीत लाव्हावरून लहरी परत येतात, म्हणून तो उजळ. सपाट वाळूवरून पलीकडे निसटतात, म्हणून ती काळी. आपण सगळं उलटं केलं."

"आपण म्हणजे कोण, सर?" मैत्रीण म्हणाली. "आम्ही फक्त रंगारी."

सर हसले आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. मीही गेले. प्रतिमा उलट्या वाचल्या, आठवडाभराची मुदत द्या, असं त्यांनी कंपनीला फोन लावून इंग्रजीत सरळ सांगून टाकलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पहिल्यांदा बरेच जण हेच करतात. फक्त फोन करत नाहीत."

आठवड्याने गेलेला नकाशा पसंत पडला. काम इतकं आलं की आणखी मुली घ्याव्या लागल्या. नव्या मुलीला सर आधी तो चुकलेला नकाशा दाखवत आणि म्हणत, "हा मी केला." आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून गंभीरपणे मान डोलवायचो.