नागलीचा फटका

आमच्या शाळेत बेसबॉल आला तो वरून आलेल्या आदेशानं. प्रत्येक आश्रमशाळेनं संघ उतरवायचा असं ठरलं, आणि आमच्या खो-खोच्या सरांच्या हातात एक बॅट आणि थोडे चेंडू पडले. जामसरजवळचं आमचं मैदान एका बाजूला इतकं उतरतं की चेंडू तिकडे गेला की आणायला गेलेली पोरगी पुढच्या तासालाच उगवायची. बेस म्हणून तुसानं भरलेली पोती ठेवली होती. त्यातलं दुसरं पोतं गावातल्या एका म्हशीला फार आवडलं. ती त्यावर बसली की सर खेळ थांबवायचे, कारण म्हशीला आउट करायचं की नाही याबद्दल नियमात काही नव्हतं.

या खेळात मी चांगली निघाले. त्यात नवल काही नव्हतं. बॅट म्हणजे शेवटी दांडका, आणि दांडका मला शाळेच्या आधीपासून माहीत. नागली, म्हणजे आमची नाचणी, खळ्यावर वाळली की आई आणि मी समोरासमोर उभ्या राहून कणसं झोडपायचो. आईचा दांडका खाली आला की ती "हं" म्हणायची. तिचा वर जायला लागला की माझा खाली यायचा. मी बॅटही तशीच चालवायचे, वरून खाली. चेंडू मुरमावर आपटून असा उसळायचा की समोरच्या पोरी आभाळाकडे बघत राहायच्या, तोवर मी पहिलं पोतं गाठलेलं असायचं.

पुढे जिल्ह्याची निवड चाचणी होती. निवड झाली तर शहरातल्या क्रीडा वसतिगृहात जागा आणि शिक्षण. नाही झाली तर नागली झोडून झाल्यावर आई-बांबरोबर वसईकडच्या वीटभट्टीवर. माझी थोरली बहीण अशीच गेली आणि तिची शाळा तिथेच सुटली. मला विटा थापायच्या नव्हत्या, आणि ते मी घरात ताटावर बसूनही सांगायचे.

नेमकं तेव्हाच सरांनी मोबाइलवर मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ पाहिले. हल्ली सगळे खालून वर मारतात, चेंडू उंच जायला हवा, तुझा स्विंग बदलायचा, असं त्यांनी जाहीर केलं. माणूस भला होता. माझ्यासाठी जीव टाकत होता, म्हणूनच तर पंचाईत झाली. कोपर अंगाजवळ राहावं म्हणून त्यांनी माझ्या काखेत स्वतःचा रुमाल दिला. रुमाल पडला की चूक. मी रुमाल असा सांभाळला की चेंडूकडे बघायचंच राहून जायचं. एकदा तर तो काखेत घेऊनच जीपनं मोखाड्याच्या मावशीकडे पोचले.

बातमी पसरली आणि जो तो शहाणपण शिकवायला लागला. जीपवाल्याचं म्हणणं, वजन मागच्या पायावर, चढाला गिअर टाकतो तसं. ठाण्याला बिगारी करून आलेला मामा क्रिकेटही कधी खेळला नव्हता, पण येता-जाता ओरडायचा, "कंधा खोल, कंधा." मी सगळ्यांचं ऐकलं. मग बॅट चेंडूला लागेनाच. कधी लागली तर चेंडू सरळ वर जायचा आणि कोणीतरी जांभई देत तो झेलायचं.

तेवढ्यात झोडणी आली. मी खळ्यावर दांडका उचलला आणि तो खालून वर गेला. नागली आईच्या केसांत, चुलीत, शेजारणीच्या सुकटीत. पाड्यावरच्या यच्चयावत कोंबड्यांना वाटलं आपले दिवस आले. दुसऱ्या दिवसापासून मी दांडक्याला नुसता हात लावला तरी त्या धावत यायच्या. शिवाय माझा फटका उशिरा पडायला लागला आणि आमचे दांडके एकमेकांवर आपटायला लागले. आई भडकली.

"नागली झोडतीस का पाखरांना चारतीस?" म्हणाली.

मी रडले. माझ्याकडे आता ना खेळ उरला होता ना काम.

चाचणीला पालक लागणार होते, म्हणून आई आली. मैदान रोलर फिरवून खळ्यासारखं कडक केलं होतं. मी काखेत मनातल्या मनात रुमाल धरून उभी राहिले आणि चेंडूमागून चेंडू सोडत गेले. निवड करणारे दुसरीकडे बघायला लागले. आई जाळीमागे रिकाम्या हातांनी बसली होती. तिला रिकामं बसायची सवय नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचर पोरीचा हात वरून खाली आला आणि आईच्या तोंडून निघालं, "हं."

माझा हात आपोआप खाली आला. चेंडू जमिनीवर आपटला आणि पिचरच्या डोक्यावरून गेला. पुढच्या चेंडूला पुन्हा "हं", पुन्हा तेच. अंपायरनं खेळ थांबवला आणि बाहेरून कोचिंग चालणार नाही म्हणून दम दिला. आमचे सर धावत आले.

"त्या कोचिंग करत नाहीयेत," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "त्या नागली झोडतायत."

आईला फाटकाबाहेर काढलं. ती भिंतीपलीकडे फटीला डोळा लावून उभी राहिली असणार, कारण "हं" येतच राहिलं. भिंतीला शिक्षा देता येत नाही. माझी निवड झाली. निवड करणाऱ्या बाईंनी जाताना सांगितलं, मुलगी चांगली आहे, फक्त स्विंग बदलावा लागेल.

वसतिगृहात त्यांनी तो बदलला. हळूहळू बदलला, आणि खोटं कशाला बोलू, चेंडू आता खरंच लांब जातो. मी खूश होते. पुढच्या झोडणीला सुट्टी मिळाली ती उशिरा. घराच्या चढावरूनच खळ्याचा आवाज ऐकू आला आणि तो मला चुकल्यासारखा वाटला. एक फटका, मग काही नाही. पुन्हा एक फटका, पुन्हा काही नाही. वर पोचले तर आई एकटीच झोडत होती. दांडका मारायची, "हं" म्हणायची, तो वर धरून थांबायची आणि मग पुढचा मारायची.

असं थांबत बसलीस तर पौष संपला तरी नागली संपायची नाही, मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळं बोलले होते.

"मधे तू मारतीस ना," म्हणाली.

पिशवी तिथेच टाकून मी भिंतीला टेकवलेला माझा दांडका उचलला, आणि पाड्यावरच्या सगळ्या कोंबड्या धावत आल्या.