डब्यांची उतरंड आणि काशाचे टाळ

लोणावळ्यात पावसाळाभर कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतात, नाहीतर बुरशी धरते. आमच्या घरी मात्र त्या बल्बवर पहिला हक्क गाण्याच्या यंत्रांचा. माझ्या साड्या कुबटल्या तरी चालतील, यांच्या ॲम्प्लिफायरला ओल लागता कामा नये.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यांना हे वेड लागलं. आधी डॅक आला, म्हणजे मोबाईलमधल्या आकड्यांचं पुन्हा गाणं करणारा डबा. मग इंटरनेटवरची गाणी ओढून आणणारा दुसरा. एकावर एक उतरंडच. पण एक डबा आला की महिनोन्‌महिने तोच ऐकायचा, घाई नाही. मी कितीही चेष्टा केली तरी सांगते, ऐकावं तर यांच्यासारखं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेला हा माणूस मला अजून देखणा वाटतो.

प्रत्येक डब्याची परीक्षा ठरलेली. कुरवंडे हे यांचं गाव. तिथल्या सप्ताहातलं भजन यांनी स्वतः रेकॉर्ड करून ठेवलंय. त्यात हे टाळकऱ्यांच्या रांगेत आहेत, वडील उभे राहायचे त्याच जागी. टाळही वडिलांचेच, काशाचे. इतके किनरे की सगळ्या रांगेत वेगळे कळतात. पण भजन संपलं की हे दर वेळी खट्टू.

"पखवाज लय ग्वाड आलाय. पन माझे टाळ कुटं हायेत?"

मग कधी हवेतल्या ओलीला दोष, कधी वायरीला. यंदा तर म्हणाले, "सप्ताहाला मी न्हाई उभा ऱ्हात. माझं वाजवलेलं मलाच उमगंना." ती जागा सोडणं म्हणजे यांच्यासाठी काय, ते मला ठाऊक होतं.

नवा ॲम्प्लिफायर आला त्या सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरून तीच तक्रार आली. मी आतूनच म्हणाले, "अहो, कधीचे वाजतायत की! थापताना मला इथं ऐकू येतायत."

पिठाच्या हातानं बाहेर गेले, तर हे उतरंडीकडे बघत बसलेले.

इतकी वर्षं कारखान्यात धडधडत्या प्रेस मशीनशेजारी काढली, त्यात यांच्या कानांना किनरे आवाज ऐकू येईनासे झाले होते. डॉक्टरांनी कानाची मशीनं दिली. दुसरा कुणी ती खणात टाकून कुढत बसला असता. यांनी उलटसुलट करून पाहिली, आवाज कमीजास्त केला आणि म्हणाले, "ह्यो बी डॅकच की, कानातला." तेव्हा मला यांचं फार कौतुक वाटलं.

मग तेच भजन लावलं. टाळ ऐकू आले तसा चेहरा फुलला, आणि हळूहळू गंभीर झाला. पुन्हा लावलं.

"ऐकलंस? माझे टाळ मागं पडत्यात. अन् आबांचा पखवाज माझ्यासाठी थांबतोय बघ. समदी रांगच थांबतीया."

आबा म्हणजे मंडळातले सगळ्यात वडील. त्यांनी काय, कुणीच कधी यांना एका शब्दानं दुखवलं नव्हतं.

यांनी डोळे पुसले, बल्बच्या कपाटातून टाळ काढले आणि रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावून उभे राहिले.

"सप्ताहाला जातो," म्हणाले. "यंदा त्यांला थांबाया लागाय नको."