गिऱ्हाईक कलमाचा जोड पाहतं

मंडळी, आज आमच्या सौसरच्या रोपवाटिकेत वेबसाइट पाहून पहिलं गिऱ्हाईक आलं.

आजोबांनी ऐंशीच्या दशकात सुरू केलेली ही संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आता सुमनकाकू चालवते. वेबसाइट मी बनवली, पिकलेल्या संत्र्यांचे फोटो टाकून. पाहणारे बरेच होते, फोन एकही नव्हता. लागवडीचे दिवस चालले होते आणि कलमं वाफ्यातच उभी होती.

मागच्या आठवड्यात काकूने स्क्रीन पाहिली. "फळं काय दाखवून राहिली वं? आपण फळं विकतो का? डोळा कुठं बांधला ते दाखव."

जंभेरी लिंबाच्या खोडावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बांधतात. तो जोड जमिनीपासून वीतभर वर हवा, नाहीतर झाड पुढे सडतं. मी त्या जोडाचाच फोटो टाकला, शेजारी मोजपट्टी उभी करून.

आज रामाकोन्याचे एक शेतकरी आले. उकिडवे बसून त्यांनी आपल्या वितीने दहा-बारा रोपांच्या जोडाची उंची मोजली.

"फोटोत होतं तेवढंच आहे," म्हणाले, आणि दोनशे कलमं ठरवून गेले.

काकू म्हणाली, "शिकली वं पोरगी."

मला आनंद फार झाला.

तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी काय तपासतं? मी हे काकूला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.